मोजून दहा गोळ्या

परवा अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. रविवारी सकाळी तो नेमाने फोन करतो (त्याची तेव्हा शनिवारची रात्र असते). प्रकृतीची चौकशी झाली, डोंबिवलीचा उकाडा आणि लोकलची गर्दी झाली, आणि मग त्याने अचानक विचारलं, "काका, तुम्ही एनसीसीत असताना थ्री नॉट थ्रीच्या किती गोळ्या झाडल्या असतील हो?"

मी म्हटलं, "दहा."

"दहा... म्हणजे दिवसाला?"

"नाही रे, एकूण. दोन दिवसांत पाच-पाच."

फोनवर जरा शांतता. मग तो म्हणाला, "काका, मी रेंजवर गेलो की पहिल्या दहा नुसत्या हात बसायला जातात."

आतून आमच्या सौ.ने आवाज दिला, "गोळ्यांचं काय चाललंय? सकाळची बीपीची घेतलीत का?" फोन हसण्यावारी संपला. पण तो दहाचा आकडा काही डोक्यातून जाईना. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. दहा वेळा अ गिरवून कुणाला अक्षर आलेलं मी पाहिलेलं नाही. मग दहा गोळ्या झाडून आम्ही नक्की काय शिकलो होतो?

या विषयावर दोन शब्द लिहावेत असं वाटलं. एरवी मी इथे व्याकरण, जुने विद्यार्थी आणि गुडघेदुखी यांवर लिहितो. आज बंदुकीवर लिहितो आहे, तर घाबरू नका. शेवटी विषय शिकण्याचाच आहे. आणि एक जुना हिशेबही चुकता करायचा आहे.

*

आधी पुतण्याबद्दल. तो ओहायोत राहतो, कॉम्प्युटरवाला आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी तो मला तळघरात घेऊन गेला, लोखंडी कपाटाची दोन कुलुपं उघडली आणि एक रायफल माझ्या हातात दिली. वजनावरूनच हाताने ओळखली. चार किलोच्या आसपास, तोच रुंद लाकडी दस्ता, तोच बोल्ट. लोखंडावर मुकुटाची खूण, खाली जीआरआय ही इंग्रजी अक्षरं, इशापूर आणि १९४३. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ली-एनफिल्ड! मोडीत काढलेल्या बऱ्याच जुन्या रायफली परदेशी व्यापाऱ्यांनी घेतल्या आणि अमेरिकेत हौशी लोकांना विकल्या, त्यातलीच ही एक. माझ्या खांद्याला जिने १९६९ साली निळं केलं, तिचीच सख्खी बहीण म्हणायची.

रायफल स्वस्तात मिळाली, पण गोळ्या महाग, असं तो सांगत होता. एकेकाळी निरनिराळ्या सैन्यांची जुनी .३०३ काडतुसं तिथे पेट्यांच्या पेट्या मिळायची. तो साठा आटला. आता कारखान्याची नवी घ्यायची तर खिसा रिकामा. म्हणून तो स्वतःच काडतुसं भरतो. झाडून झालेली पितळी पुंगळी उचलून आणायची, धुऊन पुसून घ्यायची, बुडाची जळलेली टोपी ठोकून काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तराजूवर तोलून घालायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. कारखान्याच्या वीस काडतुसांच्या पैशात आपली चाळीस होतात, असा त्याचा हिशेब.

मी तासभर बघत बसलो. दारू तोलताना तो कुणाशी बोलत नाही, फोन वरच्या मजल्यावर ठेवतो. प्रत्येक भरलेली पुंगळी दिव्याखाली धरून बघतो. आमची आई दिवाळीत अनारसे तळताना कुणाला स्वयंपाकघरात येऊ देत नसे, तिची आठवण झाली. ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे दर वेळी पितळ थोडं ताणलं जातं आणि काही खेपांनंतर बुडापाशी चीर जाते, हेही त्याच्याकडूनच कळलं. चीर दिसली की पुंगळी मोडीत. तो पुंगळ्यांचा हिशेब वहीत ठेवतो. कितव्यांदा भरली, किती टिकली, सगळं.

त्याच्या टेबलावर एका वाटीत एक पुंगळी वेगळी ठेवलेली होती. म्हणाला, "ही बघा तुमच्या पुण्याची." बुडावर के आणि एफ ही अक्षरं. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी! १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. मी विचारलं, "मग हिला का नाही भरत?" तर म्हणाला, "काका, ही पुन्हा भरण्यासाठी केलेलीच नाही."

कारण ऐकण्यासारखं आहे. तिकडच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एक भोक असतं. त्यातून सुई घातली की जुनी टोपी सुटते. आपल्या जुन्या पुंगळीला मधोमध उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं. सुई जाणार कुठे? शिवाय जुन्या .३०३ मध्ये दारू म्हणजे पूड नव्हती, कॉर्डाइटच्या लांब काड्या असत, अगदी शेवयांसारख्या. त्या आधी भरायच्या आणि मग पुंगळीचा गळा आवळायचा. एकदा झाडली की तिचं आयुष्य संपलं. सैन्याला पुंगळ्या वेचायला वेळ नसतो, तेव्हा सैन्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण मला गंमत अशी वाटली, की जी पुंगळी पुन्हा भरताच येत नव्हती, तिचाच हिशेब आमच्याकडून किती कडक घेतला जायचा!

*

तो दिवस सांगतो.

१९६९ चा हिवाळा. कॉलेजातल्या एनसीसीचा कॅम्प. १९६८ नंतर एनसीसी ऐच्छिक झाली होती, म्हणजे आम्ही सगळे आपखुशीने गेलेलो. पहाटे चहा आणि पुरी, मग चालत रेंजवर. पाच-पाच जणांची तुकडी पालथी झोपायची. उस्ताद प्रत्येकाच्या हातावर पाच काडतुसं मोजून ठेवणार आणि हिंदीतून हुकूम सुटणार. पहिल्या गोळीला माझे डोळे मिटले. दुसरीला खांद्याला असा धक्का बसला की तिसरीच्या आधीच मी खांदा चोरला. चौथी कुठे गेली ते देवाला ठाऊक. पाचवीच्या वेळी पहिल्यांदा जरा कळलं, की श्वास सोडून थांबायचं असतं आणि चाप ओढायचा नसतो, दाबत न्यायचा असतो. आणि तेवढ्यात गोळ्या संपल्या!

नंतर पुंगळ्या वेचायच्या. पंचवीस झाडल्या तर पंचवीस पुंगळ्या उस्तादाच्या टोपीत पडल्या पाहिजेत. त्या दिवशी भरल्या चोवीस.

पंचविसावी माझ्या मोज्यात होती.

का घेतली? माझे एक मामा सिंधुदुर्गात (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा) राहायचे. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर मिळालेली. रानडुकरांचा सुळसुळाट फार. मामा नळीच्या तोंडातून दारू घालायचे, काथ्याचा बोळा गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा. मी लहानपणी सुट्टीत तासन् तास ते बघत असे. मामांनी सांगून ठेवलं होतं, "भाच्या, मिल्ट्रीची पुंगळी कशी असते ती एकदा बघायची आहे." बस, एवढंच कारण. मामांना दाखवायची म्हणून मी चोरी केली.

सगळ्यांना गवतात रांगायला लावलं. दोन तास. माझ्या शेजारच्या जागेवरून झाडणारा एक मुलगा होता, कल्याणचा, माझ्याच वर्गातला. पुंगळ्या उजवीकडे उडतात. माझ्या पुंगळ्या त्याच्या अंगावर पडत होत्या. पुंगळी कमी म्हणजे त्याच्यापाशीच असणार, असा उस्तादाचा तर्क. त्याला रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. तो रडला नाही, काही बोललाही नाही. मी गवतात शोधत राहिलो. मला सापडणार नाही हे मला माहीत होतं, तरी शोधत राहिलो.

आता खरी गोष्ट. त्या दिवशीच्या पाच गोळ्यांत तो आमच्या अख्ख्या कॅम्पात सगळ्यात चांगला ठरला होता. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. नेमबाजीच्या चमूसाठी त्याचं नाव लिहिलं गेलं होतं. संध्याकाळी ते खोडलं.

घरी परतल्यावर मामांना दाखवायचं धैर्य झालं नाही. एका संध्याकाळी कल्याणला दुर्गाडीच्या खाडीवर जाऊन मी ती पुंगळी पाण्यात टाकली.

*

तुम्ही म्हणाल, पुंगळ्या मोजायच्या नाहीत का? मोजल्याच पाहिजेत. एक जिवंत काडतूस चुकीच्या हाती गेलं तर काय होतं हे मला कळतं. मीही पुढे शाळेत मुलांना .२२ च्या सरावाला नेलं तेव्हा मोजूनच घेतल्या. माझं म्हणणं मोजण्याविरुद्ध नाही. मोजण्याची आपली सवय कुठून आली, आणि तिच्यापायी काय हरवलं, त्याबद्दल आहे.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. दातांनी तोडायची ती चरबी लावलेली कागदी काडतुसं. पण त्या बंडानंतर इंग्रजांनी काय ठरवलं ते आपण शाळेत कमी शिकवतो. हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पायरी जुनी बंदूक द्यायची. १८७८ साली शस्त्र कायदा आणला, परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. पुढे सैन्याच्या मापाची काडतुसं सामान्य माणसाच्या बंदुकीत बसू नयेत म्हणून शिकारीच्या रायफली वेगळ्या मापाच्या. आजही आपल्याकडे परवान्यावर .३१५ मिळते, .३०३ मिळत नाही. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी तर इशापूरला चांगल्या .३०३ रायफलींची नळी आतून कोरून, गुळगुळीत करून, एका वेळी एकच काडतूस घेणारी .४१० ची मस्केट बनवली. म्हणजे हत्यार हातात द्यायचं, पण फार चांगलं नाही. गोळ्या द्यायच्या, पण मोजून!

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा आपला शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय काडतूस बनवणं आजही गुन्हा आहे आणि तो असावाच. पण त्या मोजणीमागचा जो भाव होता, की तुमच्यावर आमचा विश्वास नाही, तो काही आपण इंग्रजांबरोबर बोटीत बसवून दिला नाही. तो दप्तरात राहिला. सरावाची गोळी म्हणजे शिक्षण, हा विचार रुजलाच नाही. सरावाची गोळी म्हणजे खर्च. वाचवली तर शाबासकी.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तिथे काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळाचं काम चालतं. ते सांगायचे, पितळाचा छोटा पेला करायचा, तो ओढत ओढत लांब करायचा, मधेमधे तापवून मऊ करायचा, नाहीतर तडकतो. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, विद्यार्थ्यांचंही असंच आहे. ते म्हणाले, "मास्तर, पितळ बरं. तडकलं तर वितळवून पुन्हा घेता येतं."

*

यात जिवाशी खेळ कुठे आहे, ते आता सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. आमचा धाकटा तेव्हा फोर्टमध्ये नोकरीला होता. त्या दिवशी लवकर निघाला म्हणून सीएसटीहून नेहमीची गाडी त्याने पकडली नाही, आधीची पकडली. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही टीव्ही लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सीएसटीवर दोघा जणांनी एके-४७ ने पन्नासहून अधिक माणसं मारली. स्टेशनावरच्या पोलिसांच्या हाती होत्या लाठ्या, काही रिव्हॉल्व्हर आणि थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि शेवटी हाताला लागली ती खुर्ची फेकून मारली. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. शौर्याला कमतरता नव्हती हो!

त्यानंतर सगळीकडे एकच चर्चा झाली, की रायफली जुन्या होत्या. खरंच आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर .३०३ ला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. पण महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल आला तेव्हा त्यात दुसरीही एक गोष्ट होती. सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याचा तुटवडा. शीघ्र कृती दलासारख्या तुकड्यांनासुद्धा सरावाला काडतुसं पुरत नव्हती. या गोष्टीवर फार कुणी बोललं नाही. नव्या रायफलीचा फोटो निघतो, सरावाच्या काडतुसाचा निघत नाही.

माझा एक विद्यार्थी पोलिसात होता. कुठे ते लिहीत नाही. त्या घटनेनंतर दोन-तीन महिन्यांनी बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "काय रे, तुम्हाला सराव देतात की नाही?" तो हसला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला शाळेत पाच दिल्या होत्या ना .२२ च्या? त्याच्यावर चाललंय असं समजा." विनोद होता तो. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि नेमबाजांचं? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याचे वडील शिक्षक. माझ्या जातीचे म्हणायचे! पोराच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्या प्रकारात नुसत्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. माझ्या सगळ्या जन्माच्या सहापट, एका दुपारी. आणि त्या साठांसाठी आधी किती हजार झाडाव्या लागल्या असतील? आपल्याकडे बहुतेक मुलं एअर रायफलने सुरुवात करतात, कारण छर्रा स्वस्त. खऱ्या गोळीपर्यंत पोचतात ती ज्यांना परवडतं ती, किंवा ज्यांचा बाप कर्ज काढायला तयार असतो ती. बाकीच्यांचं काय झालं हे कुठल्या बातमीत येत नाही.

*

मला हे सगळं पाटी आणि वहीसारखं वाटतं. आमच्या लहानपणी वही महाग होती, म्हणून पाटी होती. पाटीवर चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. शंभरदा चुका, फुकट. वहीत मात्र जपून लिहायचं, कारण पान वाया जातं. ज्या पोराला पाटी मिळाली नाही आणि एकदम वहीच हातात पडली, ते पोर चूक व्हायच्या भीतीने लिहीतच नाही. पुतण्याची तळघरातली पुंगळी म्हणजे त्याची पाटी आहे. तीच ती पुन्हा भरायची, पुन्हा चुकायचं. आम्हाला मिळाली ती वही, तीही पाच पानांची.

मग मी डोंबिवलीत घराघरात काडतुसं भरायला परवानगी मागतो आहे का? छे! पुतण्याने फोनवर नेमका हाच मुद्दा काढला होता. "काका, तुमच्याकडे हे कायदेशीर करायला हवं." मी त्याला म्हटलं, "बाबा रे, आमच्या इमारतीत गॅस सिलिंडरची नळी बदलायची आठवण करून द्यावी लागते. तिथे दारूचा डबा?" आणि ज्या देशात तो राहतो तिथे त्याच्या मुलीला शाळेत बंदूकवाला आला तर कुठे लपायचं याची कवायत करावी लागते. ती आठ वर्षांची चिमुरडी ते मला अगदी सहज सांगत होती, जणू पी.टी.चा तास. तळघरातली दोन कुलुपं मला आवडली. पण प्रत्येक तळघरात दोन कुलुपं असतील याची हमी कोण देणार? तेव्हा तिकडचं सगळंच उचलून आणावं असं मी म्हणत नाही. आणि हे वाचून कुणी पोराने घरी काही उद्योग केले तर मी स्वतः कान धरीन. टोपी दबली, दारू जास्त पडली, तर बोल्ट तोंडावर येतो. बोटं पुन्हा उगवत नाहीत.

पण घर आणि कारखाना यांच्या मधे काहीच नसतं का? नेमबाजीची रेंज असते, एनसीसीची बटालियन असते, पोलिसांचं प्रशिक्षण केंद्र असतं. तिथे परवानाधारक, शिकलेला माणूस बसवून, सगळा हिशेब वहीत ठेवून, झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा सरावासाठी भरता येण्यात अशक्य काय आहे? पितळ आपलं, अंबरनाथ आपलं. दारूगोळ्याचे खडकी आणि वरणगावचे कारखानेही आपलेच. ते जमत नसेल तर सरावाची गोळी वेगळी, साधी, स्वस्त बनवा आणि ती वाचवू नका, खर्च करा. पुंगळी मोजा, जरूर मोजा. पण वर्षअखेरीला "किती वाचल्या" असं विचारण्याऐवजी "किती झाडल्या आणि किती लागल्या" असं विचारा. ज्याच्या हाती आपण रायफल देतो, त्याला ती चालवता येणं ही चैन नाही. नाहीतर उद्या नवी कोरी रायफलही पाचव्या गोळीपर्यंत डोळे मिटूनच झाडली जाईल, माझ्यासारखी.

*

आता शेवटचा हिशेब.

हा लेख लिहायला घेतला आणि वाटलं, आधी त्याला सांगितलं पाहिजे. तो कल्याणलाच असतो. इतक्या वर्षांत लग्नकार्यात, स्टेशनवर कितीदा भेटलो, कितीदा चहा प्यायलो, पण हा विषय मी कधी काढला नाही. त्याने कुठल्याशा कारखान्यात नोकरी केली, तीन मुलींची लग्नं केली, आता नातवंडांत रमला आहे. मंगळवारी फोन केला. आडवळणं न घेता सांगून टाकलं, "त्या कॅम्पातली पुंगळी मी घेतली होती. तू फेऱ्या मारल्यास त्या माझ्यामुळे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, पुंगळीचं वगैरे मला काही आठवत नाही बघ. फेऱ्याही आठवत नाहीत."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच-पाच द्यायचे होते. मला नाही दिल्या. मी तंबूत बसून तुमचे आवाज मोजत होतो. एवढं मात्र आठवतं."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी माझ्याही पाच गोळ्या होत्या. त्याही त्याने मोजल्या असणार.

म्हणजे माझ्या दहा आणि त्याच्या पाच. पुतण्याला पुढच्या रविवारी हे सांगायचं आहे.

असो.